मंडईच्या दिवशी नागपूर

जेवण झाल्यावर ताराचंदनं पानदान पुढे ओढलं आणि चटईवर नागपूर मांडायला घेतलं. मोठी सुपारी म्हणजे महाराजबाग, तिथे वाघ. चुन्याची डबी म्हणजे अंबाझरी, कारण तिथे तलाव आहे आणि चुनाही ओलाच आहे. अडकित्ता उभा केला तो सेमिनरी हिल्सची टेकडी. तिच्यावरून लहान मुलांची आगगाडी धावते असं तुमसरच्या शाळेत सगळ्यांना ठाऊक होतं, पाहिली मात्र कोणीच नव्हती. कस्तुरचंद पार्कातल्या मीना बाजारासाठी पानदानात काही उरलं नाही, तेव्हा धाकट्या इश्वरनं खिशातली गोटी काढून दिली. पॅसेंजरमधून उतरलं की मावशीकडे सामान टाकायचं आणि सरळ वाघ बघायला जायचं, दुसऱ्या दिवशी तलावात नाव, तिसऱ्या दिवशी गाडी, चौथ्या दिवशी विजेवर फिरणारं मोठं चाक. खिडकीपाशी कोण बसणार यावरून इश्वर आणि त्याची मोठी बहीण कुंता यांची जुंपली सुद्धा. बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी, तशातली गत. ताराचंद तांदळाचा अडत्या. भाव ठरवताना जो गंभीरपणा असायचा तोच त्याच्या चेहऱ्यावर आत्ता होता. "नव्या धानाची आवक सुरू झाली का मंग मले मराची बी फुरसत नाही," तो म्हणाला. "भाऊबीज झाली का दुसऱ्याच दिवशी निघाचं."

मंदाबाई कंदिलाच्या बाजूला बसून डाळ निवडत होती. दिवे गेले होते. दिवाळीच्या तोंडावर ते जायचेच. मान वर न करता ती म्हणाली, "त्याच्या दुसऱ्या दिवशी मोहाटोल्याची मंडई राह्यते." उद्या बुधवार आहे असं कोणी म्हणावं तसं ती म्हणाली. त्यात काही मागणं नव्हतं.

"हाव, राह्यते," ताराचंद म्हणाला. "पण आता तिथं कोण आहे?" आणि बोलता बोलता त्यानं सुपारी उचलून कातरली, तोंडात टाकली. इश्वर ओरडला, "बाबानं महाराजबाग खाऊन टाकला!" सगळे हसले. मंदाबाईही हसली. हसताना तिच्या लक्षात आलं की हाताखालच्या डाळीतले खडे तिला दिसेनासे झालेत.

खोटं काहीच बोलला नव्हता तो. हीच तर पंचाईत होती. राग यायला समोरच्यानं थोडं तरी चुकायला हवं. तिचे बाबा जाऊन सहा वर्षं झाली होती, आई गेल्या वर्षी श्रावणात भिलाईला जागेश्वरच्या क्वार्टरमध्ये वारली. जागेश्वर तिचा एकुलता एक भाऊ, पोलादाच्या कारखान्यात लागला होता. आईला इलाजासाठी म्हणून त्यानं नेलं, तेव्हा मोहाटोल्याच्या माहेरच्या घराला कुलूप लागलं, आणि दिवसही भिलाईलाच झाले, वर्षश्राद्धही तिथेच. म्हणजे हिशेबानं ताराचंदचं बरोबर होतं. पण 'तिथं आता कोण आहे' हे शब्द तिनं आजवर मनातल्या मनात सुद्धा जुळवले नव्हते. ते असे सुपारीच्या कातरणासोबत ऐकू आले, आणि ती एकदम परकी झाली. कुठून परकी झाली हे तिला सांगता आलं नसतं. या घरातून नाही, त्या गावातूनही नाही. मधल्या रस्त्यावरून म्हणावं तर तसं.

दिवाळी सरली की या मुलखात एकामागून एक गावाची मंडई भरते. प्रत्येक गावाचा दिवस ठरलेला. त्याला ना कागद लागतो ना दवंडी. दिवसा बाजार, शिंगाड्यांचे ढीग, जिलबी, पाळणे, रात्री दंडारीचा खेळ नाहीतर नाटक. पण ते झालं बघ्यांचं. ज्याचं गाव त्याच्यासाठी मंडई म्हणजे भरलेलं घर. लग्न होऊन गेलेल्या मुली, जावई, त्यांची पोरं, जावयाचे मित्र, मित्राचे शेजारी, जो येईल तो जेवून जायचा. तुमसरहून नाकाडोंगरीपर्यंत मोटार आणि पुढे जंगलाच्या कडेकडेनं बाबांनी पाठवलेली बैलांची बंडी. खाली धानाची नवी तनस अंथरलेली असायची, तिचा वास लुगड्याला चार दिवस राहायचा. कुंता अंगावर पीत होती तेव्हापासून मंदाबाई या बंडीतून गेली होती. त्या आधी ताराचंदसोबत नवी नवरी म्हणून, डोक्यावरचा पदर सावरत गेली होती, आणि बैल हाकणारा गडी जावयाला ऐकू जाईल अशा बेतानं बैलांशीच जावयाची थट्टा करत होता. वळण आलं की आई दारात दिसायची. हातात पाण्याचा लोटा, खांद्यावर पंचा. पाय धुतल्याशिवाय ती कोणाला आत घ्यायची नाही आणि पाय धुतल्यावर कोणाला उपाशी जाऊ द्यायची नाही. बाबांची तऱ्हा आणखीच निराळी. मंडईच्या पहाटे ते पुढच्या दाराची फळीच खोबणीतून उचलून काढायचे आणि अंगणात विटांवर आडवी टाकायचे, पाहुण्यांना बसायला. आई म्हणायची, बसाले बाजा आहेत, दार कायले काढता. बाबा म्हणायचे, "दार जाग्यावर राह्यलं तं कोणी ना कोणी लोटून घेते." दिवसभर त्या फळीवर माणसं बसायची, जेवायची, पानं खायची, आणि रात्री दंडार बघून आलेल्या पोरी त्याच फळीवर एकमेकींच्या अंगावर झोपून जायच्या. घर रात्रभर उघडं. चोर आला असता तर आईनं त्यालाही वडे वाढले असते.

या सगळ्याला आता दोन वर्षं होत आली. कुलूप लागलेलं ते दार तिनं पाहिलं नव्हतं. पाहिलं नव्हतं म्हणूनच बहुधा ते तिला जास्त दिसायचं. सकाळी धानाची मिल सुरू व्हायची, कोंड्याचा धूर गल्लीत उतरायचा, ती अंगण झाडायची, आणि मध्येच ते दार दिसायचं, त्या एका दिवशी गावात बंद असलेलं एकटंच दार. चकल्या पाडताना कुंता विचारायची, "माय, बोटीत तू बसशील का? तुले भेव वाटते का?" ती म्हणायची, "बसीन ना." पोरीनं नागपूरसाठी निळं पोलकं धुऊन, इस्त्री करून ट्रंकेत सगळ्यांच्या वर ठेवलं होतं. इश्वर गल्लीतल्या पोरांना गाडीची वर्णनं ऐकवत होता; गाडीला दोन बोगदे आहेत असं त्यानं परवा सांगितलं होतं, आज तीन झाले होते. त्यांच्या आनंदावर विरजण टाकावं असं तिला मुळीच वाटत नव्हतं. तिनं तरी कधी कोणत्या बागेत नाव पाहिली होती? जावंसं तिलाही वाटत होतं. फक्त त्याच दिवसात नको होतं, आणि दुसरे दिवस नव्हते.

तिच्या लहानपणी मोहाटोल्यात लाकडी पाळणा यायचा. चार बाजांचा, आणि दोन माणसं हातापायांनी ढकलून तो फिरवायची. मग चौऱ्याहत्तर साली पहिल्यांदा लोखंडी आकाशपाळणा आला, डिझेलच्या इंजिनावरचा. धकधक आवाज तळ्याच्या पलीकडे जायचा. त्या वर्षी सगळं गाव वर तोंड करून उभं होतं आणि बसायला कोणी तयार नव्हतं. जागेश्वर तेव्हा मिसरूड फुटायच्या बेतात, तिच्याहून दहा वर्षांनी लहान. मित्रांसमोर पैज मारून बसला आणि पाळण्याची दांडी लागल्यावर पांढरा पडला. ती त्याच्या शेजारी बसली होती, कुंताला आईजवळ देऊन. पाळणा वर गेला तसे त्यानं डोळे घट्ट मिटले आणि तिच्या मनगटाला धरलं. तो पडणार नव्हता, पण पडला असता तर तीही गेली असती, इतकं घट्ट. "बाई, खाली काय दिसते सांग," तो म्हणाला. मग ती सांगत राहिली. तळं दिसते. खळ्यात धानाची रास दिसते, बाबा तिच्याजवळ उभे राहून कोणाशी तरी भांडून राहिले. समोरच्या शकुनकाकूच्या छपरावर भोपळे आहेत. माय दारात उभी आहे, डोळ्यावर हात धरून आपल्यालेच पाहून राहिली. यातलं किती खरंच दिसत होतं देव जाणे. चाक फिरत होतं, एक गोष्ट नीट बघेपर्यंत ती खाली जायची आणि तिच्या जागी झाडांचे शेंडे यायचे. पण तो मान हलवत होता, जणू तिच्या डोळ्यांनी त्याला सगळं दिसत होतं. खाली उतरल्यावर मित्रांना त्यानं तिनं सांगितलेलं सगळं स्वतः पाहिल्यासारखं सांगितलं, भोपळ्यांच्या आकड्यासकट. तिनं त्याला उघडं पाडलं नाही. त्या वयात भावाचं एवढं एक आपल्याकडे असणं तिला फार श्रीमंतीचं वाटलं होतं.

आणि तोच जागेश्वर आता बोलत नव्हता. भांडण म्हणावं तर झालेलं नव्हतं. गेल्या वर्षी दुखवट्याचं साल, भाऊबीज करायची नव्हती, तो आला नाही हे रीतीचंच होतं. पण मंडई? आई होती तोवर मंडईला कोणी बोलवायचं नाही. आईचं असणं हेच बोलावणं. आईच्या मागे मात्र घर भावाचं, पहिलं बोलावणं भावानं करायचं, निदान एक निरोप. कोणी सांगितली होती ही रीत? कोणीच नाही. नळावरच्या बायका म्हणायच्या, आई आहे तोवर माहेर, पुढं भावाच्या मनावर. तेच तिच्या डोक्यात बसलं होतं. गेल्या मंडईच्या दिवशी ती सकाळीच नहाली, बरं लुगडं नेसली आणि पुढच्या खोलीत बसून राहिली. नाकाडोंगरीकडे जाणाऱ्या मोटारी स्टँडावरून हॉर्न देत सुटत होत्या. निरोप घेऊन कोणी येईल. जागेश्वर नाही तर शकुनकाकूचा पोरगा येईल. शेवटची मोटार गेल्यावर तिनं लुगडं बदललं आणि संध्याकाळचं पीठ मळायला घेतलं. ताराचंदनं विचारलंही नाही, कारण तिनं सांगितलंच नव्हतं. वर्षश्राद्धाला भिलाईला गेली तेव्हा ती भावाशी कामापुरतं बोलली. तोही कामापुरतंच बोलला, पानात वाढताना तिच्याकडे न बघता. गाडी सुटताना खिडकीशी येऊन एवढंच म्हणाला, "येत जा बाई." कुठे येत जा? भिलाईला? ती गाडीत बसून दुर्गपासून गोंदियापर्यंत त्या दोन शब्दांचं काय करावं हे ठरवत होती.

एक मार्ग होता, तोही तिनं मनात चालून पाहिला. नागपूरला यांना जाऊ द्यावं आणि आपण एकटीनं मोटारीत बसून मोहाटोल्याला जावं. पण जाऊन करायचं काय? मंडईला घर लागतं. घर नसलेला माणूस बाजारात हिंडतो, बांगड्या बघतो, हॉटेलच्या बाकड्यावर चहा पितो. स्वतःच्या गावात विकतचा चहा प्यायचा ही कल्पनाच तिच्या घशाखाली उतरेना. शकुनकाकू हात धरून घरात नेईल, जेवल्याशिवाय सोडणार नाही, हे नक्की. पण शकुनकाकूच्या अंगणात बसलं की बरोबर समोर आपलं दार येतं. जेवताना सारखं तेच बघावं लागेल. त्यापेक्षा नावेत बसलेलं बरं. असं तिनं ठरवलं, आणि ठरवल्यावर रडू येईल असं वाटलं होतं ते आलं नाही. नुसतं सगळं बेचव झालं. चिवड्यात मीठ दोनदा पडलं. ताराचंद म्हणाला, "मीठवाल्याचा भाव वाढवाचा आहे का?" तिनं तो चिवडा निमूट वेगळा काढला.

भाऊबीजेला दुपारच्या गाडीनं जागेश्वर आला. बायको पुष्पाला तिच्या भावाकडे पोचवून एकटाच आला होता. कारखान्यातल्या पाण्यानं की काय, केस विरळ झाले होते. पिशवीतून त्यानं पोरांसाठी फटाके आणि खेळण्यातली चावीची आगगाडी काढली. इश्वरनं ती लगेच अंगणात सोडली आणि जाहीर केलं की खरी याच्याहून मोठी आहे. ताराचंदला मेव्हणा आला की चेव यायचा. "साळेबुवा, तुम्ही लोखंड खाऊन लोखंडासारखे व्हाल का काय," त्यानं सुरू केलं, आणि मग नागपूरचा सगळा बेत पहिल्यापासून सांगितला, या वेळी सुपारीशिवाय. शेवटी म्हणाला, "रजा किती दिवसाची हाय?"

"चार," जागेश्वर म्हणाला.

"मंग चला ना आमच्यासंग. अजून एक तिकीट काढू. तुमच्या बहिणीले नावेत कोणी तरी धरून बसाले लागते."

जागेश्वर पाटावर बसला होता, डोक्यावर टोपी, समोर रांगोळी. मंदाबाई ताट घेऊन उभी होती. त्यानं बहिणीकडे बघितलं आणि नजर निरांजनावर आणली. "चालतो," तो म्हणाला. "तुम्हीच सारे जाऊन राहिले तं मले बी इकडं काय काम आहे. तिकडं जाऊन..." आणि थांबला.

तिनं कुंकू लावायला बोट उचललं होतं. ते तसंच राहिलं. "तिकडं जाऊन काय?"

"काही नाही बाई. ओवाळ."

"बोलशील तवा ओवाळीन."

"तिकडं जाऊन एकट्यानं बसाचं, अजून काय," तो म्हणाला. "मागच्या साली बसलो होतो तसं."

अंगणात चावीची गाडी भिंतीला लागून तिथेच घरघरत राहिली. मंदाबाईनं ताट खाली ठेवलं. "तू मंडईले गेला होता?"

"गेलो होतो ना."

"कोणाच्या घरी उतरला?"

"कोणाच्या म्हंजे? आपल्या." तिनं हे विचारावं याचंच त्याला आश्चर्य वाटलेलं दिसलं. "आदल्या दिवशी पोचलो. शकुनकाकूनं सारवून देल्लं. दुखवट्याचं साल, म्हणून मटण नाही केलं. वरण, भात, वांग्याची भाजी. भात तुम्हा चौघांचा धरून टाकला. भाऊजी भात लय खाते म्हणून जरा जास्तच टाकला."

"अन् मले काहून नाही सांगितलं?"

"सांगाचं काय त्याच्यात?" आता त्याचाही आवाज बदलला, पोरवयात व्हायचा तसा पातळ झाला. "मायनं कवा तुले सांगितलं होतं? मंडई हाय म्हंजे तू येशीन. मी दरवेळी वळणाकडं पाहो, का आता आली, आता आली. शकुनकाकू म्हणे, मोटार चुकली असन. मंग म्हणे, दुसरीनं येतीन. मंग ते बी बोलाची थांबली." तो टोपी काढून हातात घोळवू लागला. "मले वाटलं, माय होती म्हणून येत होती. माय गेली, बाईचं काम संपलं."

"मी इथं तुझ्या बोलावण्याची वाट पाहून राहिली होती रे," ती म्हणाली. "चांगलं लुगडं नेसून. पुढच्या खोलीत."

एकाच दिवशी, एका तालुक्यात, बहीण तुमसरला लुगडं नेसून बसली होती आणि भाऊ मोहाटोल्याला भात करून बसला होता, आणि दोघं मनातून एकमेकांवर रुसली होती. वर्षश्राद्धाच्या पंगतीत तो तिच्याकडे न बघता का वाढत होता ते तिला आत्ता कळलं, आणि गाडीच्या खिडकीशी तो कोणत्या घरी येत जा म्हणत होता तेही. तिला भयंकर वाईट वाटलं आणि त्याच क्षणी इतका आनंद झाला की तिला स्वतःचीच लाज वाटली. भाताचं ते पातेलं तिच्या डोळ्यांपुढे आलं, झाकण ठेवलेलं, चुलीच्या कडेला सरकवलेलं, आणि त्याच्याजवळ उकिडवा बसलेला हा माणूस. ज्याला भातात पाणी किती घालावं कळत नाही त्यानं चौघांचा भात रांधला होता.

"कवापर्यंत थांबला होता?" तिनं विचारलं.

"पाळणा बंद होईपर्यंत." त्यानं टोपी परत डोक्यावर ठेवली. "आपल्या घरात इंजिनाचा आवाज येते ना. तो चालू होता तवर म्हटलं अजून मंडई आहे, अजून तू येशीन. मंग तो बंद झाला. मंग मी कुलूप लावलं."

तिनं ताट उचललं. कुंकू लावलं, अक्षता लावल्या, ओवाळलं. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता म्हणून ते तसेच वाहू दिले. त्याच्या तोंडात साखर घालताना तिचा हात त्याच्या हनुवटीवर जरा जास्त वेळ राहिला; दाढीची खुंटं टोचली. त्यानं ओवाळणी काढायला खिशात हात घातला, तर ती म्हणाली, "ते राहू दे. उद्या मी पाय धुईन तुझ्या दारात, तवा पाणी तूच टाकशीन."

ताराचंद दारात उभा होता. थट्टा करण्यासाठी त्यानं तोंड उघडलं होतं हे तिनं पाहिलं, आणि मिटलेलंही पाहिलं. मग तो म्हणाला, "मंग नागपूर?"

"तुम्ही पोराईले घेऊन जा. नाही तं मोहाटोल्याले या, जावई म्हणून. तुमचं तुम्ही पाहा. मले उद्याच जा लागते. घर सारवाचं आहे."

ताराचंदनं मेव्हण्याकडे बघितलं, मग बायकोकडे. हिशेब करायला त्याला कधीच वेळ लागायचा नाही. "आवक सुरू व्हाच्या आंधी दोन्ही व्हाचं नाही," तो म्हणाला, आणि मग अंगणाकडे तोंड करून, मुद्दाम मोठ्यानं, "नागपूर उन्हाळ्यात पाहू रे इश्वर. यंदा मामाची मंडई."

कुंता काही न बोलता आत गेली. ट्रंकेचं झाकण उघडल्याचा आवाज आला. इश्वर गाडी हातात घेऊन उंबऱ्यात आला. त्याचा ओठ थरथरत होता. गल्लीतल्या पोरांना उद्या तो काय सांगणार होता, बोगदे तीन होते. मंदाबाईनं ते पाहिलं, आणि तिला त्याची फार दया आली. पण ती त्याला जवळ घ्यायला थांबली नाही. ती आत जाऊन लुगडी पिशवीत भरू लागली.